पहिला घाव, पहिला खांदा

मंगेशला त्या दिवशी काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. होळीच्या झाडावर पहिला घाव घालायचा मान. त्या मानापोटी देवळातला नारळ. आणि सगळ्यात मोठी जमा म्हणजे शिमग्यात देवीची पालखी वाडीत निघाली की सुरुवातीच्या घरांत त्याचं घर. आजवर पालखी त्याच्या दारात सगळ्यात शेवटी पोचायची. तोवर ढोलवाल्यांचे हात सुजलेले, नाचवणाऱ्यांच्या पोटात कावळे, गुरवाचं लक्ष घराकडं. त्याची आई आनंदीबाई सकाळी अंगण सारवून, ओटीचं ताट घेऊन उभी राहायची आणि देवी उन्हं कलल्यावर यायची, टेकल्यासारखं करून निघायची. "आमच्याकडं देवी येत नाय गो, हजेरी लावून जाते," असं आनंदीबाई हसत सांगायची. हसत सांगायची म्हणून कुणी ते मनावर घेत नव्हतं.

तिच्या नवऱ्यानं मुंबईच्या गिरणीपायी लागोपाठ काही शिमगे चुकवले होते. तेव्हापासून त्यांचं घर रांगेत मागं गेलं ते गेलंच. आमच्या वाडीत माणूस मेलेलं लोक विसरतात, शिमग्याला न आलेलं विसरत नाहीत.

पोलादपूरहून कशेडीच्या अंगाला वर चढलं की आमची वाडी. इथल्या होळीला सावर लागते. रानात जाऊन ती तोडायची आणि ती पडताना जमिनीला टेकू द्यायची नाही, वरच्या वर खांद्यावर झेलायची, अशी रीत. सावरीला काटे असतात. ते खांद्यात रुततात. गडी मुंबईला परत गेले की बनियन सरकवून ते वण दाखवतात आणि पुढल्या शिमग्यापर्यंत त्या भांडवलावर जगतात. यात दोन मान. पहिला घाव मालोजीच्या घराचा, पहिला खांदा महिपतीच्या घराचा. पहिला खांदा म्हणजे बुंध्याच्या लगतची जागा. सगळा भार तिथं. महिपती सत्तरीला आलेला. भार आता मागचे पोरगे उचलत आणि महिपती खांदा लावल्याचा चेहरा करी, पण जागा त्यानं सोडली नव्हती.

मालोजी पावसाळ्यात वारला. त्याचे मुलगे विरारला. शिमग्याला येतो असं दोघांपैकी एकानंही म्हटलं नाही. मान रिकामा पडला. आणि त्याच पावसात दरड आली, तिनं कोवळ्या सावरी सगळ्या पुरल्या. उरली ती एकच, बांधावरची, जुनी, एका माणसाच्या कवेत न मावणारी. तिला कुऱ्हाड लावायची तर अख्खा दिवस, आणि झेलायची तर वीस-पंचवीस तरणे खांदे. वाडीत खांदे होते दहा. त्यातले तरणे किती, ते विचारू नका.

इथं मंगेशनं तोंड उघडलं.

मंगेश महाडच्या एका कंत्राटदाराकडं कामाला. पावसात आंबेनळीत, कशेडीत रस्त्यावर झाड आडवं झालं की फोन त्याला. त्याच्याकडचं मशीन नेहमीच्या पेट्रोलवरच्या करवतीसारखं नव्हे. इंजिन आणि पंप पिकअपच्या हौद्यात. तिथून दोन जाड रबरी पाइप निघतात, एकातून तेल जोरात करवतीकडं जातं आणि चेन फिरवतं, दुसऱ्यातून तेच तेल परत येतं. हातात फक्त करवत. भर पावसात, गुडघाभर पाण्यातसुद्धा चालते.

"दहा मिनिटांत पाडतो," तो देवळात म्हणाला. "पण माझी एक अट हाय. झाडाखाली कोण उभं राहायचं नाय."

"मग झेलायचं कुणी? तुझ्या बायकोनं?" महिपतीनं विचारलं. मंगेशचं लग्न व्हायचं होतं, त्यामुळं टोला दुहेरी बसला आणि देवळात हशा झाला.

"काका, कुऱ्हाडीनं झाड बोलत बोलत पडतं. कडकडतं, कलतं, माणसाला सवड देतं. करवतीनं ते बोलत नाय. त्यात सावरीचं लाकूड ठिसूळ. थोडं लाकूड मधी बिजागरीसारखं राखायचं असतं, त्यावर झाड हळू कलतं. पण सावरीची बिजागरी कधी तुटेल ते तिचं तिला ठावं नसतं. खाली बांबूचे घोडे उभे करू. झाड घोड्यांवर टेकेल, जमिनीला नाय लागणार. देवीचं म्हणणं तेवढंच हाय ना?"

"देवीचं म्हणणं तुला कळतं?"

"मला नाय कळत. गुरवकाकांना विचारा."

गुरवानं कौल लावला. देवीच्या दोन खांद्यांवर दोन फुलं चिकटवली, गाऱ्हाणं घातलं. उजवं फूल पडलं. म्हणजे होकार. मंगेशला मान मिळाला. महिपतीचा मुलगा मुरारी, जो नालासोपाऱ्याहून चार दिवसांची रजा टाकून खास खांद्यासाठी आला होता, तो बापाकडं बघत राहिला. हिशेब उघड होता. घोडे उभे राहिले की खांद्याचा मान गेला. एका घराचं जमेला धरायचं तर दुसऱ्या घराचं खोडावं लागत होतं. महिपती उठताना एवढंच म्हणाला, "देवीनं मशीनला हो म्हटलंय. घोड्यांचं कुणी विचारलं तिला?"

होळीच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे बांधावर जमलो. सावरीवर पान नव्हतं, नुसती लालभडक फुलं. बांधाच्या वरच्या अंगाला पिकअप लावलेली. ड्रायव्हर भरत, महाडचा, मिशीला पीळ देऊन इंजिनापाशी उभा. खालच्या अंगाला मोकळं शेत, तिथं बांबूचे घोडे एकामागं एक उभे केलेले.

मंगेशनं आधी झाडाभोवती एक फेरी मारली, वर बघत. वाळक्या फांद्या कुठं, कल कुठं, वारा कुठला. मग बुंध्याच्या मागं, वर तिरकस, झुडपं तोडून स्वतःला पळायला वाट केली.

"अजून झाड हललं नाय आणि ह्याची पळायची तयारी!" मुरारी म्हणाला.

"होय दादा. न पळणारे मी पाहिलेत, म्हणून पळतो." मग चुन्याची फक्की घेऊन त्यानं झाडाच्या उंचीच्या दुपटीवर रेघ ओढली. "ह्याच्या आत मी एकटा. इंजिनापाशी भरत. मी मूठ वर केली की भरतनं इंजिन बंद करायचं, मग मी कायबी बोलत असो." चेन तपासली, बोटानं उचलून ताण पाहिला, पट्टीला तेल घातलं. पाइपांवरून हात न लावता नुसती नजर फिरवली. भरतनं चाचपायला हात पुढं केला तसा मंगेश डाफरला, "हात नाय! किती वेळा सांगू? बारीक भोकातून तेल सुईसारखं येतं. कातडीत शिरलं तर दिसत पण नाय आणि हात कापायला लागतो. डोळ्यांनी बघ, नायतर पुठ्ठा धर."

आम्हाला हे सगळं फार लांबड वाटलं. वाडीत इतकी तयारी बाळंतिणीची होत नाही.

पाइप जोडायच्या आधी पूजा. मशीन देवीच्या कामाला लागणार तर त्याची पूजा हवीच, आणि ती करणार आनंदीबाई. नवी साडी, डोक्यावर पदर, हातात ताट. करवतीला हळदकुंकू लावलं, पट्टीला हार घातला. मग तिची नजर पाइपांच्या टोकांवर गेली. जोडायच्या तोंडांना मंगेशनं रबरी टोपणं लावून ठेवली होती, कचरा जाऊ नये म्हणून. तो खाली घोडे हलवून बघत होता. आनंदीबाईनं टोपणं काढली. तोंड बांधलेल्याला नैवेद्य कसा दाखवायचा? पाइपांची दोन आणि करवतीची दोन, अशा चारही तोंडांना कुंकू लावलं, अक्षता घातल्या, हात जोडले आणि टोपणं होती तशी परत बसवली. भरत बघत होता. पण म्हाताऱ्या बाईला पूजेत कोण टोकणार?

मंगेश वर आला, टोपणं काढली आणि तोंडं लाल दिसली. त्यानं आईकडं पाहिलं. ती समोरच उभी, डोळ्यांत पाणी, बावीस घरांसमोर पहिल्यांदा पुढं आलेली. एरवी त्यानं ती तोंडं आपटून, झटकून, फडक्यानं रगडून साफ केली असती. देवाच्या अक्षता आईसमोर आपटून झटकायच्या कशा? त्यानं फडक्यानं हळूच पुसल्या, एखाद्या पोराचं तोंड पुसावं तशा. परतीचा पाइप आधी जोडला, जोराचा नंतर. कड्या फिरवल्या, ओढून पाहिल्या. बसल्यासारख्या वाटल्या.

गुरवानं बुंध्याशी नारळ ठेवला, समई लावली, गाऱ्हाणं घातलं. ढोल सुरू झाले. मंगेशनं डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांवर बोंडं चढवली आणि हात वर केला. भरतनं इंजिन सुरू केलं.

खरं सांगायचं तर आम्ही बघतच राहिलो. करवत सावरीत शिरली ती केळीत शिरल्यासारखी. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला त्यानं फाकेसारखी खाच काढली, फाक पायानं बाजूला ढकलली. पहिला घाव पडला. आनंदीबाईनं पदर तोंडाला लावला. मग तो मागच्या अंगाला आला आणि खाचेच्या दिशेनं दुसरा काप घालू लागला. करवत कमरेच्या उंचीवर, दोन्ही हात मुठींवर, तोंड कापाच्या रेषेतून बाजूला. काप निम्म्याच्या पुढं गेला.

आणि इंजिनाचा सूर बदलला. आधी घुमत होतं ते कण्हू लागलं. चेन मंदावली, दोन आचके देऊन थांबली. पट्टी कापात अडकून बसली. मंगेशनं ट्रिगर सोडला आणि मूठ वर केली. भरतनं इंजिन बंद केलं.

ढोलही थांबले. सगळ्या रानात एकदम इतकं सामसूम झालं की फुलं पडल्याचा आवाज यावा.

मंगेशनं ट्रिगर एकदा दाबून आत कोंडलेला जोर सोडला आणि पाइपाच्या मागावर गेला. परतीच्या जोडाची कडी मागं सरकली होती. जोड पुरता बसलाच नव्हता. हादऱ्यानं मिटत गेला आणि तेलाची परतीची वाट बंद झाली. त्यानं जोड सोडवला. कडीच्या खोबणीत एक पिवळा तांदूळ होता. त्यानं तो नखानं काढला, बोटावर घेऊन क्षणभर पाहिला आणि खिशात टाकला. आईकडं पाहिलं नाही. फडकं काढलं. मिनिटाचं काम होतं.

पण ते मिनिट महिपतीला पुरलं.

"देवीनं मशीन थांबवलं!" तो ओरडला. "सांगत होतो का नाय? तिला घोडे नाय पायजेत, तिला तिची लेकरं पायजेत! मुरारी, कुऱ्हाड घे! चला रे, खांदे लावा!"

चालतं मशीन सगळ्यांदेखत थांबलं होतं. दहाच्या दहा खांदे चुन्याची रेघ ओलांडून खाली धावले. घोडे लाथांनी आडवे केले. महिपती बुंध्याच्या लगत जाऊन उभा राहिला, डोक्याचा पंचा काढून खांद्यावर ठेवला, मागं बाकीचे. ढोल पुन्हा सुरू झाले आणि सगळ्यांनी तोंडावर मूठ आपटत शिमग्याची बोंब ठोकली.

मंगेश धावत बुंध्याशी आला. कापात अडकलेलं मशीन उचलायला त्यानं मुठीला हात घातला, आणि ते अलगद बाहेर आलं. मघाशी पट्टी जिथं चिमटली होती तिथं आता बोट जाईल एवढी फट होती. खाडीकडून दुपारचा वारा वर चढत होता. वरच्या फांद्या एका अंगाला झुकल्या, परत आल्या, पण पुऱ्या परत आल्या नाहीत. फट दोन बोटं झाली. झाडाला आता कुऱ्हाडीची गरज नव्हती.

"मागं व्हा! झाड सुटलंय! मराल रे!"

"होऽऽ!" खालून दहा जणांनी बोंब दिली.

शिमग्यात ओरडणाऱ्याला कोण विचारतो? त्या दिवशी सगळेच ओरडतात. त्यानं शिवी दिली. खालून दुप्पट मोठी शिवी आली. त्यानं महिपतीच्या बापाचा, आजाचा उद्धार केला, असे शब्द वापरले की एरवी वाडीत कोयते निघाले असते. महिपती खूश होऊन हसला. "आता कसा शिमग्यात आलास!" होळीला शिव्या माफ असतात, देवीच ऐकून घेते तर माणसाला राग कसला?

मुरारी कुऱ्हाड घेऊन बाजूला येऊन उभा राहिला. "बाजूला सर. आता आमचं काम."

"दादा, हात लावू नको. फट बघ."

"सर म्हणतो ना! तुझं मशीन मेलं. मान घेतलास, आता मान सोड."

मंगेशनं एकदा खाली पाहिलं, एकदा फटीकडं. जे बोलून होण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं. मुरारीनं कुऱ्हाड उगारली, आणि त्याच क्षणी मंगेशनं बुंध्याशी मांडलेल्या पूजेला बुटाची लाथ घातली.

समई उडाली. नारळ घरंगळत महिपतीच्या पायाशी गेला. मंगेश पचकन झाडावर थुंकला, पुन्हा लाथ मारली, आणि मोठ्यानं म्हणाला, "ही घ्या तुमची देवी!"

ढोल बंद.

शिव्या माफ असतात, हे नाही. मुरारीच्या हातातली कुऱ्हाड खाली आली ती झाडावर नव्हे, जमिनीवर. त्यानं मंगेशची गचांडी धरली. खालचे खांदे पेटून बांध चढू लागले. मंगेशनं मुरारीला हिसडा दिला आणि आपण झुडपं तोडून केलेल्या वाटेनं वर पळाला. थोडं पळून थांबला, वळला आणि पुन्हा थुंकला, म्हणजे कुणी मागं रेंगाळू नये. सगळे त्याच्या मागं. मुरारीही.

महिपती तेवढा उरला. त्याला चढ जमेना. त्यानं नारळ उचलला, पदराआड धरावा तसा पंच्यात घेतला आणि शिव्या घालत, बांधाला हात टेकत चढायला लागला. मंगेश वरून त्याच्याकडंच बघत होता. अंगावर तोवर तिघं पडले होते. तो त्या तिघांच्या खालून, दबलेल्या आवाजात ओरडला, "महिपती, थेरड्या, ये की! का तुझा खांदा नुसता सोंगाचाच?"

हे खरं होतं, म्हणून लागलं. म्हातारा दोन ढांगांत वर आला.

कट्ट, एवढाच आवाज झाला. बिजागरी तुटली आणि सावर एकदम गेली. कललीबिलली नाही. दहा माणसं जिथं उभी होती तिथं पडली, आडव्या घोड्यांचे बांबू काड्यांसारखे उडाले, आणि बुंधा मागं उसळून बांधावर आदळला. महिपतीच्या टाचेमागं हातभर. वर धुळीचा लोट आणि त्यावर लाल फुलं, कितीतरी वेळ.

सगळ्यांनी ती जागा पाहिली. ज्याची जी जागा होती ती त्यानं पाहिली. मुरारीचा ठोसा वर उचललेलाच होता. त्यानं खाली पाहिलं, मंगेशकडं पाहिलं, आणि मग, उचललेला हात वाया का घालवायचा म्हणून असेल, मारला. जोर मात्र नव्हता त्यात.

संध्याकाळी देवळात बैठक बसली. झाड जमिनीला टेकलं होतं, पूजा लाथाडली गेली होती, आणि सगळे जिवंत होते. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचं काय करायचं यावर बोलणं झालं. भरतनं मध्ये तोंड घालायचा प्रयत्न केला, "अहो, पण त्यानं तुम्हाला..." तर "तुम्ही महाडकर, पाव्हणे आहात" म्हणून त्याला चहा दिला. मशीन का बंद पडलं, असं कुणीतरी मंगेशला विचारलं. "माझीच चूक," तो म्हणाला. "जोड नीट बघितला नाय." आनंदीबाई दाराशी बसली होती. त्यानं याहून जास्त काही सांगितलं नाही, आणि तिलाही ते कधी कळलं नाही.

मग सगळ्यांनी महिपतीकडं पाहिलं. त्याचा शब्द शेवटचा. तो टाचेला तेल चोळत बसला होता. खरं बोलायचं तर त्याला कबूल करावं लागलं असतं की दहा जणांना झाडाखाली त्यानं नेलं. तो बोलला, "देवीनं वाचवलं आपल्याला." सगळ्यांनी माना डोलावल्या. जमेला देवी, नावे मंगेश. गुरवानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं, देवीची माफी मागितली आणि पहिला घाव त्या घराकडून काढून घेतला. यंदा पालखीही त्या दारात थांबणार नाही, असं ठरलं. मंगेश उठला आणि मशीन धुवायला गेला.

पाचव्या दिवशी पालखी निघाली. आता शेवटचा आकडा मांडतो. महिपतीचा पहिला खांदा कायम राहिला. पालखीला त्यानं तो लावला आणि भारही थोडा घेतला, असं मागचे सांगतात. मुरारी एक वणही न घेता नालासोपाऱ्याला गेला. बाकीचे आठजण पोरांना कडेवर घेऊन नाचले. मंगेश घरात दार लोटून बसला होता, एक डोळा काळानिळा. आनंदीबाई तरीही अंगण सारवून, ताट घेऊन दारात उभी होती. ढोल गल्लीत आले, पालखी तिच्या अंगणाशी आली, महिपतीनं मान खाली घातली, आणि पालखी पुढं गेली. दहा माणसांची किंमत त्या बाईनं भरली. कशाची, ते तिला कुणी सांगितलं नाही.